मागचे ब्रेक ड्रम लेथवर मारायचे (आतून कातून गोल करायचे) की नवीनच टाकायचे?

बंदरवाला: हर्णैहून मासळी भरून चिपळूणला असतो. पिकअपला पुढे डिस्क, मागे ड्रम. सकाळचे पहिले एक-दोन ब्रेक कचकन लागतात, नंतर पॅडल थरथरतं. हँडब्रेक पार वर ओढला तरी चढावर गाडी मागे येते. मेकॅनिक म्हणतो लेथ मारू. ड्रम किती मारलेला चालतो?

खाडीपट्टा: बर्फाचं खारं पाणी गळून मागच्याच चाकांवर जातं ना? रात्रीत ड्रमवर गंज धरतो, सकाळचं कचकन त्याचं. थरथर बहुतेक ड्रम लंबगोल झाल्याची.

जुना मिस्त्री: ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो, बाहेरून गंज खरवडा, सापडेल. माप घेताना काठावरची धार सोडून आत, लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) घासतो तिथे घ्या. धारेवर घेतलंत तर ड्रम नवाकोरा वाटेल! एक माप घेतलं की काटकोनात दुसरं. फरक आला तर लंबगोल. आणि लेथ थेट कमाल आकड्यापर्यंत मारून घेतलीत तर पुढे झिजायला काय उरणार?

खोलताना जपा. ड्रम काढायला हँडब्रेक सोडावाच लागतो. गियरवर भरवसा नको, तो मागचीच चाकं धरतो आणि ती हवेत. तेव्हा सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी, अ‍ॅक्सलखाली घोडी (स्टँड). नुसत्या जॅकवर हात घालू नका. अडकलेल्या ड्रमला आट्यांची भोकं असतील तर त्यांत दोन बोल्ट घालून दोन्ही सारख्याच प्रमाणात आवळत जा, ड्रम बाहेर सरकतो. कडेवर घण मारलात तर ड्रम तडकतो.

धूळ कंप्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरची (चाकातला, लायनर ढकलणारा) रबरं पेट्रोल-डिझेलने धुवायची सवय आपल्याकडे सगळ्यांना, ती फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवा. एक बाजू पूर्ण जोडल्याशिवाय दुसरी खोलू नका, स्प्रिंग कुठली कुठे ते समोर दिसतं.

बंदरवाला: काका, कमाल २८२ मिमी लिहिलंय. डावा २८१.६ आणि २८१.१, उजवा दोन्हीकडून २८०.८. डावं लायनर तेलकट आहे.

जुना मिस्त्री: म्हणजे डावा सिलिंडर नाहीतर अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळतंय. डावा गोल करायचा तर २८१.६ च्या पुढेच जावं लागेल, लेथचे पैसे वाया. ड्रम नवीन, तेही जोडीने. लायनरही दोन्हीकडचे, भिजलेलं धुऊन परत लावू नका. मग आधी लायनर अ‍ॅडजस्ट करा, ब्रेकच्या पाइपमधली हवा काढा आणि हँडब्रेकची केबल शेवटी. भरलेली गाडी लगेच परशुराम घाटात घालू नका.