मदत हवी आहे: विनोदाचा आधार न घेणारा भयपट सुचवा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत आम्ही सहा जण महिन्यातून एकदा प्रोजेक्टरवर भयपट पाहतो आणि पुढची निवड माझ्याकडे आली आहे. ‘तुंबाड’ 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाच सर्वांनी चित्रपटगृहात पाहिला. ‘मुंज्या’ आणि ‘स्त्री 2’ लोकप्रिय असले, तरी भीती जमू लागताच विनोद येऊन ती सांडून टाकतो, अशी माझी तक्रार आहे. ‘मुंज्या’मधील कोकण तर अधिक गंभीर कथेला शोभले असते.

आम्हाला सर्वाधिक भावला तो 2022 चा मल्याळम ‘भूतकालम्’. त्यात आई आणि मुलगा यांच्यातील ताण इतका खरा आहे की घरात काही आहे की ते केवळ त्यांच्या मनात आहे, हा संशय बराच काळ सुटत नाही. त्याच दिग्दर्शकाचा कृष्णधवल ‘भ्रमयुगम्’ही पाहून झाला. मराठीत ‘लपाछपी’चा विचार केला होता, परंतु त्याची कथा एका गरोदर स्त्रीभोवती फिरते आणि आमच्यातील एक सदस्या गरोदर असल्याने तो तूर्तास बाजूला ठेवला आहे.

भाषा कोणतीही चालेल, मात्र इंग्रजी उपशीर्षके हवीत, लांबी दोन तासांच्या आसपास असावी (दहानंतर आवाज बंद करावा लागतो, आणि मूक भयपटाची आमची तयारी नाही) आणि तो अधिकृत ओटीटीवर उपलब्ध असावा. रक्तपात कमी आणि घरातील नात्यांतून वाढत जाणारी भीती अधिक, असा 2018 नंतरचा कोणता चित्रपट आपण सुचवाल?