उटणं, बाथ सॉल्ट, स्क्रबचे पाऊच बदलायचेत, खरंच रिसायकल होईल असं काय घेऊ?

रामबागची_उटणेवाली, इंदूर

नमस्कार सगळ्यांना. मी इंदूरला रामबागेत राहते, तीन वर्षं झाली उटणं, एप्सम सॉल्टचं बाथ सॉल्ट आणि साखर-खोबरेलचा बॉडी स्क्रब करून विकते, लायसन्स काढलंय, दोघी जणी मदतीला आहेत, महिन्याला साधारण चारशे पाऊच जातात आणि दिवाळीला जास्त. आता बॉडी लोशनचं रिफिल पण सुरू करायचंय म्हणजे लोक जुनी बाटली फेकणार नाहीत. आत्तापर्यंत ते खाकी क्राफ्ट पेपरचे झिपवाले उभे राहणारे पाऊच वापरत होते, आणि सगळ्यांना सांगत होते की आपलं पॅकिंग कागदी आहे.

गेल्या महिन्यात घरातले चार रिकामे पाऊच कचऱ्याच्या गाडीत कागदाबरोबर टाकायला गेले तर गाडीवरच्या दीदीने एक हातात घेऊन मुठीत चुरगाळला, मूठ उघडली तर तो परत फुलला. म्हणाली, "मॅडम ये कागज नहीं है, कागज ऐसे वापस नहीं खुलता." मला फार लागलं ते, कारण मी तीन वर्षं लोकांना उलटंच सांगत आले. घरी येऊन एक पाऊच रात्रभर गरम पाण्यात ठेवला, सकाळी अंगठ्याने घासला तर वरचा कागद लगदा होऊन निघून आला आणि खाली चांदीसारखी फिल्म. ती कडेने फाडली तर चकचकीत थर कटकन तुटला आणि आतला दुधट थर मात्र रबरासारखा लांब ताणला गेला. म्हणजे तीन वेगळे थर.

शिवाय मागच्या पावसाळ्यात बाथ सॉल्टचे चाळीसेक पाऊच दगड होऊन परत आले तो वेगळाच त्रास.

सप्लायर आता तीन गोष्टी दाखवून राहिलाय. एक कम्पोस्टेबल म्हणून आहे, महाग, एक मोनो मटेरियल म्हणतो ते, म्हणजे सगळे थर एकाच प्लास्टिकचे, पूर्ण पीईचं (पॉलिथिलीन), आणि एक अॅल्युमिनियम फॉइलचं. कुणाला अनुभव आहे का? मला खोटं काही छापायचं नाहीये पाऊचवर.


सांवेर_रोड_लॅमिनेशन

ताई, १८ वर्षं लॅमिनेशनच्या मशीनवर काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा खाकी पाऊच म्हणजे वर क्राफ्ट, मध्ये मेटलाइज्ड (धातूचा चकचकीत लेप दिलेलं) पॉलिएस्टर आणि आत पॉली. तो ताणला गेलेला दुधट थर म्हणजे पीई, त्याच्यामुळेच सील बसतं. गोंदाने हे तिन्ही असे चिकटवलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही. आणि हे नीट वाचा, प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ ला ज्या ईपीआरच्या (पॅकिंगच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) कॅटेगरी आल्या त्यात एक थर प्लास्टिकचा आणि एक थर प्लास्टिक नसलेला असं काहीही असलं की ते कॅटेगरी तीन, म्हणजे मल्टीलेयर्ड प्लास्टिक. कागद लावला म्हणून तुमचा पाऊच कागदाकडे सरकत नाही, उलट साध्या प्लास्टिकच्या पाऊचपेक्षा वाईट खान्यात जातो. फॉइलवाला पण तिथेच. सगळं प्लास्टिकच पण वेगवेगळ्या जातीचं, जसं पॉलिएस्टर-पीई, ते कॅटेगरी दोनमध्ये बसतं पण रिसायकल करायला तेही अवघडच, कारण पॉलिएस्टर २५० डिग्रीच्या पुढे वितळतं आणि पीई ११० ते १३० च्या आसपास, एका भट्टीत दोघांचं जमत नाही.

म्हणून पीई-पीई. बाहेरचा थर पण पीई, फक्त मशीनवर एका दिशेने ओढून कडक केलेला असतो म्हणजे प्रिंट आणि उभं राहणं जमतं, आतला मऊ. झिप पण पीईची असते त्यामुळे सगळं एकच माल.

आता तुमच्या मालाकडे बघा, पाऊच त्याच्यावरून ठरतो. बाथ सॉल्टला ओलाव्यापासून वाचवायचंय, आणि पीई ओलावा चांगला अडवतं, जाड घ्या, १०० मायक्रॉनच्या वर. पीई जे अडवत नाही ते म्हणजे हवा आणि वास. तुमच्या सॉल्टमध्ये लव्हेंडर किंवा संत्र्याचं तेल असेल तर साध्या पीईतून दोन महिन्यांत वास बाहेर आणि शेजारच्या उटण्यात. त्यासाठी मध्ये ईव्हीओएचचा, म्हणजे हवा आणि वास अडवणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकचा, बारीक थर असलेला पीई मिळतो, तो वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत असला तर रिसायकलिंगला सहसा चालवून घेतात. सप्लायरला तोंडी विचारू नका, स्पेसिफिकेशन शीट मागा ज्यात प्रत्येक थर आणि मायक्रॉन लिहिलेले असतात.

आणि बाथ सॉल्ट दगड झाल्याचं लिहिलंत ना, पाऊचला दोष द्यायच्या आधी सांगा, झिपच्या वर हीट सील मारलं होतं का? झिप हवाबंद नसते, ती फक्त गिऱ्हाइकाने उघडल्यानंतर बंद करायला असते.


रामबागची_उटणेवाली

नाही मारलं दादा. मला वाटलं झिप पुरेशी आहे, आणि वरून कात्रीने कापायला लावलं तर लोकांना त्रास. चाळीस पाऊच त्यामुळे गेले तर.


सांवेर_रोड_लॅमिनेशन

बहुतेक त्यामुळेच. अजून एक बघा, एप्सम सॉल्टच्या खड्यातच पाणी असतं, ४३-४४ डिग्रीत टेम्पोत उभं राहिलं की ते थोडं सुटतं आणि बंद पाऊचमध्येच फिरून चिकटतं, त्यामुळे मे महिन्यात माल उन्हात ठेवू देऊ नका, पाऊच कितीही चांगला असला तरी.


सुका_कचरा_सुदामानगर, इंदूर

ताई तुम्ही त्या दीदीचं ऐकून घरी जाऊन पाऊच भिजवलात ते खूप चांगलं केलंत, या बायकांच्या बोटांना सगळं कळतं. मी आमच्या भागात कचरा वेगळा करायच्या कामात चार वर्षं जाते, तर पाऊच टाकल्यानंतर काय होतं ते मी सांगते.

आपल्या इंदूरला घरातनं सहा प्रकार वेगळे घेतात, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि ई-कचरा, आणि गाडी रोज येते म्हणून तुमचा पाऊच निदान नाल्यात जाणार नाही. पण सुका कचरा निवडायच्या केंद्रात सरकत्या बेल्टवर उभ्या बायकांना एका वस्तूला जेमतेम क्षण मिळतो. त्या बघतात ते असं, पारदर्शक किंवा पांढरं मऊ प्लास्टिक एका बाजूला कारण त्याला भाव येतो, आणि आतून चांदी दिसली की ते दुसरीकडे, त्याचा गठ्ठा सिमेंटच्या भट्टीत जाळायला. चांदी दिसली की विषय संपला. म्हणून पीई घेतलात तरी मेटलाइज्ड फिनिश घेऊ नका, काळा रंग घेऊ नका, जेवढं कमी छापाल तेवढं बरं. शाई जास्त असली की रिसायकल करून निघणारे प्लास्टिकचे दाणे मळकट निघतात.

आणि लेबल! पूर्ण पीईच्या पाऊचवर लोक मोठं कागदाचं लेबल डकवतात, तो कागद धुताना लगदा होऊन फिल्ममध्ये जातो. लेबल पण पीईचंच लावा आणि छोटं.

अजून एक माझ्या मनातलं. छोटे पाऊच नका करू. स्क्रबचा २० ग्रॅमचा ट्रायल पाऊच लोकांना आवडतो मला माहितीय, पण हाताएवढं नसलेलं काही बेल्टवर उचललंच जात नाही, खाली पडतं. शाम्पूचे पाऊच कुठे मिळतात बघा, कोपऱ्याकोपऱ्यात, कुणी वाकून उचलत नाही कारण एक किलो व्हायला किती उचलावे लागतील. ट्रायल द्यायचाच असेल तर दुकानात डबी ठेवा आणि हातावर द्या.


दांडिया_बाजार_बडोदा

कम्पोस्टेबलचा अनुभव विचारलात म्हणून लिहिते, मी बडोद्याला साबण आणि बॉडी बटर करते. दोन वर्षांपूर्वी एका सप्लायरकडून हजार कम्पोस्टेबल पाऊच घेतले, दुप्पट भाव देऊन. हिरवं पान छापलेलं होतं. गोडाऊनमध्ये एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला आणि नवरात्रात भरायला काढले तर कितीतरी पाऊचची खालची सील नुसती ओढली तर सुटायला लागली, फिल्म हातात ठिसूळ झाली होती. बॉडी बटर तेलकट, ते कडेने पाझरून डब्यातल्या बाकीच्या पाऊचना पण लागलं. साडेतीनशे फेकले.

नंतर मी वाचायला लागले. आपल्याकडे कम्पोस्टेबल म्हणून विकायचं असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ ची टेस्ट आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं. त्या सप्लायरकडे मागितलं तर नुसतं आज देतो, उद्या देतो. आणि सर्टिफिकेट असलं तरी ते ५८ डिग्रीच्या आसपास चालणाऱ्या मोठ्या कम्पोस्ट प्लांटसाठी असतं, आपल्या कुंडीसाठी नाही. मी एक तुकडा कुंडीत पुरला होता, आठ महिन्यांनी काढला तर पान तसंच हिरवं होतं.

इंदूरला ओल्या कचऱ्याचं काय होतं ते तुम्हीच सांगा.


सुका_कचरा_सुदामानगर, इंदूर

आमच्याकडे ओला देवगुराडियाच्या गोबर-धन प्लांटला जातो, रोजच्या ५५० टनांच्या क्षमतेने फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, त्यातनं बायो-सीएनजी काढतात आणि बसेस त्यावर चालतात. तिथे आत जायच्या आधी प्लास्टिकसारखं दिसणारं सगळं बाजूला काढतात. कम्पोस्टेबल पाऊच दिसायला प्लास्टिकच, त्यामुळे तो पण बाहेर. आणि चुकून सुक्यात गेला तर पीईचा गठ्ठा बिघडवतो. इथे तरी त्याला घरच नाही.


रामबागची_उटणेवाली

वाचून डोळे उघडले. काल सप्लायरकडून पीई-पीईचे पंचवीस सॅम्पल आणले आणि भरायला बसलो, तर नवीन अडचण. आमचं पायाने दाबायचं सीलिंग मशीन आहे, आधीच्या पाऊचला जे सेटिंग होतं तेच ठेवलं तर नवा पाऊच जबड्याला चिकटला, ओढला तर सुरकुत्या आणि एका ठिकाणी भोक. सेटिंग कमी केलं तर सील झाल्यासारखं दिसतं आणि नखाने सुटतं. दादा काय करू?


सांवेर_रोड_लॅमिनेशन

ताई घाबरू नका, हे सगळ्यांना होतं पहिल्यांदा. आधीच्या पाऊचला बाहेर पॉलिएस्टर नाहीतर कागद होता, तो उष्णता सहन करायचा आणि आतलं पीई वितळायचं. आता बाहेर पण पीई, त्यामुळे आत वितळायला हवं आणि बाहेर नको, मधली जागा फार थोडी उरते. तापमान कमी करा आणि वेळ वाढवा, म्हणजे जबडा जरा जास्त वेळ दाबून धरा आणि उचलायच्या आधी थंड होऊ द्या. दोन्ही जबड्यांवर टेफ्लॉनची नवीन पट्टी लावा, जुनी जळकी असेल तर तिथेच चिकटतं. पाच-पाच डिग्रीने वर जात दहा पाऊच वाया घालवा, एका कागदावर लिहून ठेवा कुठल्या आकड्यावर काय झालं.

सील झालं की नखाने बघू नका. पाऊचमध्ये हवा भरून सील करा आणि बादलीत पाण्याखाली दाबा, बुडबुडा जिथून येईल तिथे गळती. स्क्रबसाठी अजून एक, भरताना सीलच्या जागेवर तेल किंवा साखरेचा एक खडा जरी लागला तरी तिथे सील होत नाही, फनेलची नळी झिपच्या खालपर्यंत जाईल अशी घ्या.


दांडिया_बाजार_बडोदा

मी आता नवीन कुठलाही पाऊच घेतला की वजनाची टेस्ट करते, ती सांगते. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा घेतलाय. सहा पाऊच भरून सील करायचे, पेनाने नंबर टाकायचा, वजन लिहायचं. तीन गच्चीच्या खोलीत, तीन न्हाणीघराच्या फळीवर. दर रविवारी वजन. बाथ सॉल्टचं वजन वाढलं तर ओलावा आत येतोय, लोशनचं घटलं तर पाणी बाहेर जातंय. आठ आठवडे करा, जुलैमध्ये केलंत तर उत्तम. मला तर तिसऱ्याच रविवारी कळलं होतं एका पाऊचचं.

लोशन रिफिलसाठी तोटीवाला पाऊच घेणार असाल तर तोटी आणि झाकण कशाचं ते विचारा. पाऊच पीईचा आणि तोटी पण पीईची असेल तर सगळं एका जातीचं राहतं, झाकण बऱ्याचदा पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन, वेगळ्या जातीचं प्लास्टिक) असतं, पीईचं मिळालं तर बघा. तोटी नकोच असेल तर कोपरा कापून बाटलीत ओतायचा मोठा पाऊच, अर्धा लिटरचा, मी तोच ठेवलाय आणि बायकांना त्रास वाटत नाही.


रामबागची_उटणेवाली

दादा, दोन्ही ताई, मनापासून धन्यवाद. ठरवलं ते सांगते. बाथ सॉल्ट ईव्हीओएचवाल्या पीईमध्ये, झिपच्या वर सील आणि तिथे कापायला छोटी खाच. उटणं साध्या पारदर्शक पीईमध्ये. लोशन रिफिल अर्धा लिटर, तोटीशिवाय. स्क्रबला पाऊच बंदच करते, काचेच्या बरणीत देईन आणि सराफ्याजवळच्या ज्या दुकानात माझा माल जातो तिथे रिकामी बरणी परत घ्यायची सोय करता येते का ते उद्या जाऊन विचारते, बाहेरगावचे स्क्रब सध्या थांबवलेत. छापणार काहीच नाही, पीईचं लेबल, त्यावर लायसन्स नंबर, बॅच, घटक, एमआरपी हे सगळं आणि मागे एकच ओळ, "पाऊच पीईचा आहे, धुऊन प्लास्टिकच्या डब्यात टाका".

उरलेले सहाशे खाकी पाऊच आहेत. ते संपवते पण "कागदी" हा शब्द काळ्या मार्करने खोडून, काल आम्ही तिघींनी बसून दोनशे केले.


सुका_कचरा_सुदामानगर, इंदूर

ताई नवीन पाऊच आला की एक रिकामा त्या गाडीवरच्या दीदीला पण दाखवा, तिला विचारा ती कुठल्या खान्यात टाकेल. ती जर चुकीच्या खान्यात टाकत असेल तर लेबलवरची ओळ पुढच्या बाजूला आणा, आणि हिंदीत लिहा.