‘मुना मदन’ ठेवून बाकीचे देवकोटा जाळायचे का?

पाऊलवाट: नेपाळी कवी लक्ष्मीप्रसाद देवकोटांनी मृत्युशय्येवर ‘मुना मदन’ हे काव्य तेवढे ठेवा, बाकीचे जाळा, असे सांगितल्याची कथा आहे. तिच्या आधारे काल ‘जुना वाचक’ यांनी लिहिले की उरलेले सारे डोके फिरलेल्या माणसाचे लेखन आहे. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. ज्याने १९४५ मध्ये ‘शाकुन्तल’सारखे महाकाव्य संस्कृत वृत्तांत नेपाळीत उभे केले, त्याच्या आयुष्यभराच्या कामाची प्रतवारी कर्करोगाच्या वेदनेत उच्चारलेल्या एका वाक्यावरून लावणे हा अन्याय आहे.

जुना वाचक: निवड कवीची आहे, माझी नाही. पंडितांना हलकी वाटणारी झ्याउरे ही लोकलय त्यांनी १९३६ च्या या काव्यात आणली. तिबेटमधल्या ल्हासाहून परतताना आजारी पडलेल्या नायकाला, मदनला, सोबती वाटेत टाकून जातात आणि एक भोटिया, म्हणजे तिबेटी माणूस, त्याला घरी नेऊन जगवतो. त्याच्या पायांना हात लावताना मदन म्हणतो, ‘मानिस ठूलो दिलले हुन्छ, जातले हुँदैन’, म्हणजे माणूस मोठा होतो तो मनाने, जातीने नाही. जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्याला यापुढे महाकाव्य कशाला हवे?

देवराई: मला ‘डोके फिरलेला’ या शब्दांवर बोलायचे आहे. आई, वडील आणि तान्ही मुलगी थोड्याच काळात गमावलेल्या देवकोटांना १९३९ मध्ये घरच्यांनी रांचीच्या मनोरुग्णालयात ठेवले. माझ्या आत्यालाही असेच ठेवले होते. ती परतल्यावर मिठाचा डबा कुठे ठेवला हे विसरली, तरी घरात नजरानजर व्हायची. पुढे बनारसहून नेपाळच्या राणा राजवटीविरुद्ध ‘युगवाणी’ हे पत्र चालवणारा आणि १९५७ मध्ये नेपाळचा शिक्षणमंत्री झालेला माणूस तुम्ही अजून रांचीतच कोंडून ठेवणार का?

जुना वाचक: आत्यांविषयी वाईट वाटते, परंतु त्यावरून काव्याचे मोल ठरत नाही. ‘पागल’ या कवितेत कवी स्वतःच स्वतःला वेडा म्हणवतो.

पाऊलवाट: तो काय म्हणतो ते पुरते वाचा! ‘म शब्दलाई देख्दछु, दृश्यलाई सुन्दछु’ (मी शब्द पाहतो, दृश्य ऐकतो) असे सांगणारा हा कवी त्याच कवितेत राजाला गरीब ठरवतो आणि शहाण्यांच्या जगाला जाब विचारतो. एवढा नेमका घाव घालणाऱ्याचे भान सुटले होते, असे तुम्ही कोणत्या ओळीवरून ठरवलेत?

जुना वाचक: ठीक आहे, ‘पागल’ जाळता येणार नाही, एवढे मान्य करतो. ‘शाकुन्तल’बद्दलचे माझे मत मात्र तेच आहे; संस्कृत वृत्तांची ती आरास विद्वानांसाठी आहे.

देवराई: ‘शाकुन्तल’वर तुम्ही दोघे हवे तितके भांडा. आधी कालच्या लेखनातले ते दोन शब्द काढा.