शिक्का मिळेपर्यंतचे पर्यटन : तुमचे अनुभव लिहा

अबोली (धागाकर्ती)

अमेरिकेचा व्हिसा आता मायदेशी किंवा आपण राहतो त्या देशातच मागावा, असा नियम सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि एच-वन बी या नोकरीच्या व्हिसाचा नवा शिक्का पासपोर्टवर घेण्यासाठी, म्हणजे स्टॅम्पिंगसाठी, कॅनडा-मेक्सिकोला जाऊन येण्याची आपल्या लोकांची जुनी वहिवाट बंद झाली. ती बातमी वाचली आणि आमचा व्हॅन्कुव्हरचा मुक्काम आठवला. मुलाखतीनंतर आम्हा दोघांचे पासपोर्ट ठेवून घेतले होते, हातात २२१(जी) ची, म्हणजे अर्जाचा निर्णय तूर्त अडकल्याची चिठ्ठी होती, आणि अमेरिकेत जन्मलेल्या आमच्या पाच वर्षांच्या मुलाला एवढेच ठाऊक होते की आपण सहलीला आलो आहोत.

सकाळी उठल्याबरोबर हे फोनवर अर्जाची स्थिती पाहत. ती बदललेली नसे, आणि मग दिवसाचा कार्यक्रम ठरे. हॉटेलचे भाडे रोज चढत असल्यामुळे बहुतेक ठिकाणे फुकटातली निवडली जात. कॅनडा प्लेसचे भोंगे दुपारी बारा वाजता तिथल्या राष्ट्रगीताचे पहिले चार स्वर वाजवतात आणि स्टॅन्ली पार्कमधली तोफ रात्री नऊला उडते. मुलाने आपला सगळा दिवस या दोन आवाजांच्या मध्ये बसवला होता. तोफेपाशी तो बराच आधीपासून कानांत बोटे घालून उभा राही, आणि बार झाला की दचकून माझ्या कोटात तोंड खुपसून खिदळत असे.

कोल हार्बरच्या काठाने चालत गेले की कोमागाता मारूचे स्मारक लागते. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ प्रवाशांना घेऊन ते जहाज या बंदरात आले. त्यातले बहुतेक पंजाबी शीख होते. मायदेशातून कुठेही न थांबता आलेल्यांनाच प्रवेश, असा तेव्हाचा कायदा होता, आणि भारतातून तसे येण्याची सोयच मुळात नव्हती. दोन महिने जहाज पाण्यातच रोखून धरले, मोजक्या दोन डझन लोकांना उतरू दिले आणि जुलैत ते परत पाठवले. आम्ही उबदार खोलीत राहत होतो, खिशात पैसे होते, तेव्हा त्यांच्याशी आपली तुलना करणे शोभणार नाही. पण स्वतःचा कागद अडकलेला असताना त्या प्रवाशांची नावे जरा सावकाश वाचली जातात, हे मात्र खरे.

आपणही असे कुठे अडकून फिरला असाल, तर अवश्य लिहा.

सोनटक्का

आमचे मेक्सिको सिटी. जुना शिक्का संपलेला असल्यामुळे आधी मेक्सिकोचाच व्हिसा काढावा लागला होता, म्हणजे एका व्हिसासाठी दुसरा व्हिसा. सोबत सासूबाई होत्या. त्यांचा पर्यटक व्हिसा चांगला दहा वर्षांचा होता, त्यामुळे संपूर्ण कुटुंबात निश्चिंत अशा त्या एकट्याच होत्या आणि सहल खऱ्या अर्थाने त्यांनीच केली.

मानववंशशास्त्राचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते, हे आम्हांला दारात गेल्यावर कळले. मंगळवारी पुन्हा गेलो. अंगणात एकाच खांबावर तोललेले प्रचंड छत आहे आणि त्याच्या मधून पाणी कोसळत असते. त्या तुषारांत सासूबाई किती तरी वेळ उभ्या राहिल्या. आत सुमारे २४ टन वजनाची अझ्टेक सूर्यशिला आहे. तिच्यासमोर आम्ही पोहोचलो आणि नेमका तेव्हाच आमच्या वकिलांचा फोन आला, त्यामुळे ती शिला मी पुरती पाहिली असे म्हणता येणार नाही.

शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर तेओतिवाकान आहे. तेव्हा सूर्याच्या पिरॅमिडवर चढू देत असत. त्याची उंची सुमारे ६५ मीटर आहे. वाटेत एक बाई निळसर मक्याचे पीठ हातावर थापून, आत घट्ट उसळीसारखे सारण भरून तव्यावर भाजत होत्या. शेजारी भोपळ्याची फुले ठेवलेली होती. सासूबाईंनी त्यांच्याजवळ बसकण मारली. एकीला मराठी आणि दुसरीला स्पॅनिश, एवढ्या भांडवलावर त्या दोघींनी फुलांतले केसर काढायचे की ठेवायचे, याची तपशीलवार चर्चा केली, आणि आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला फोनला रेंज शोधत राहिलो.

खटपट्या

आमच्या त्या सहलीच्या प्रत्येक छायाचित्रात सौभाग्यवती प्रेक्षणीय स्थळाकडे पाहत आहेत आणि मी फोनकडे पाहत आहे. मुले आता मोठी झाली असून ती छायाचित्रे पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

नियमावलीकर

नव्या वाचकांसाठी एक खुलासा करतो, म्हणजे ही मंडळी अडकत का होती ते कळेल. शिक्का संपला असला, पण आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची मुदत शिल्लक असली, तर तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोहून अमेरिकेत परत येता येते. मात्र तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ती सवलत संपते; २००२ पासून असे आहे. म्हणजे नुसते फिरायला गेलेला माणूस सुखरूप परत येई, आणि कागद नीट करायला गेलेला बाहेर राही. अमेरिकेतल्या अमेरिकेत शिक्का मिळण्याची सोय २००४ मध्ये बंद झाली. २०२४ च्या आरंभी थोड्या अर्जदारांपुरता प्रयोग झाला, पण तो तेवढ्यावरच थांबला.

खाडीपलीकडची

येथे सर्व चर्चा अमेरिकेची चालली आहे, म्हणून आखाताची बाजू मांडते. दुबईत व्हिजिट व्हिसावर येऊन नोकरी मिळाली की बाहेर पडून नव्या व्हिसावर परत यावे लागे, आणि त्यासाठी लोक किश बेटावर जात. ते इराणचे मुक्त व्यापार क्षेत्र असल्यामुळे तिथे उतरायला आधी व्हिसा लागत नसे. माझ्या यजमानांबरोबर मी आणि लेकही गेलो. विमान उतरण्याआधी सगळ्या बायका पिशवीतून ओढण्या काढून डोक्यावर घेऊ लागल्या. मी घडी घातलेला सुती दुपट्टा घेतला, तो वाऱ्याने सारखा घसरत होता.

हॉटेल फिलिपिनो आणि आपल्याकडच्या लोकांनी भरलेले असे. व्हिसाची प्रत स्वागतकक्षात येई आणि नाव पुकारले जाई, म्हणून लांब फिरायला जायला कोणी धजत नसे. आम्ही पाहिले ते एक ग्रीक जहाज. १९६६ मध्ये किनाऱ्याशी रुतलेले, गंजून तांबडे झालेले, आणि सूर्यास्ताला त्याच्यासमोर ही गर्दी. त्या गर्दीत पर्यटक किती आणि नाव पुकारले जाण्याची वाट पाहणारे किती, हे चेहऱ्यांवरून ओळखू येई. एका केरळी गृहस्थांचे नाव ते जहाज पाहायला गेले असतानाच पुकारले गेले. त्यांच्या खोलीतल्या सोबत्याने टॅक्सी करून त्यांना शोधून आणले आणि टॅक्सीचे पैसेही घेतले नाहीत.

अबोली

@खाडीपलीकडची, त्या सोबत्याचा व्हिसा नंतर आला का?

खाडीपलीकडची

आम्ही निघालो तेव्हा आला नव्हता, अबोलीताई. पुढचे कळले नाही.

मुक्काम_पोस्ट_ठाणे

आमचे प्रकरण ताजे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये एच-वन बी अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि अनेकांच्या मुलाखती पुढच्या वर्षावर गेल्या. त्यांत आम्हीही आहोत. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात व्हायची आहे, राहतो माहेरी. मुलांचा जन्म न्यू जर्सीचा, म्हणजे त्यांच्या दृष्टीने परदेशात अडकलेले कुटुंब आम्ही येथेच आहोत. त्यांची शाळा तिकडे सुरू आहे आणि नवऱ्याची रजा संपली आहे. रायगड रोपवेने झाला, जंजिरा झाला. जंजिऱ्याच्या शिडाच्या होडीत थोरला म्हणाला की आपल्याला घरी जायला कुणी देत नसेल, तर आपण या किल्ल्यात राहू. आता वेरूळ-अजिंठ्याचा विचार आहे. मुलांना परदेशी दराचे तिकीट पडेल का?

सोनटक्का

पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर तिकीट नसते, मग पासपोर्ट कोणताही असो. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा त्या बेताने निघा. मुक्काम संभाजीनगरला करा, दोन्हीकडे तिथून जाता येते. अजिंठ्याला लेण्यांच्या अलीकडे काही किलोमीटरवर स्वतःची गाडी सोडून तिथल्या बसने जावे लागते, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचलेले बरे.