विषय: रावेरच्या मामांचा प्रश्न – जुन्या स्पोर्ट्स गाडीत पैसे घालावेत का?

न्यू जर्सीहून (मूळ गाव रावेर)

सर्वांना नमस्कार,

आपल्या ई-मेल यादीवर गाड्यांची चर्चा सहसा होत नाही. पण जपानपासून इंग्लंडपर्यंत आपली खान्देशी माणसं यावर आहेत, म्हणून विचारतो.

माझे मामा रावेरला केळी पिकवतात. गेली काही वर्षं त्यांचा माल आखातात जातो आणि यंदा हाती बऱ्यापैकी पैसा आला आहे. त्यांच्या मुलाने त्यांना निसान स्कायलाइन जीटी-आरच्या लिलावांचे व्हिडिओ दाखवले. तेव्हापासून मामांनी एकच धरलं आहे : ‘शेजारची जमीन आता परवडत नाही, सोनं घरात आहे. तुझं तिकडे गॅरेज आहे. पैसे मी पाठवतो, गाडी तुझ्या नावावर घे, पाच-सात वर्षांनी विकू.’

मामांनी माझ्या शिक्षणाला हात दिला आहे, त्यांना नुसतं ‘नको’ म्हणून फोन ठेवता येत नाही. आणि हो म्हणावं तर कशाच्या भरवशावर? या गाड्यांचे भाव इतके का चढले आणि पुढे टिकतील का, हे कोणी नीट सांगेल का? रविवारी त्यांचा फोन येणार आहे.

योकोहामाहून (मूळ गाव चाळीसगाव)

भाऊ, राम राम.

परदेशी जाणाऱ्या जुन्या गाड्या तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

भाव चढायला सगळ्यात मोठं कारण तुमच्या अमेरिकेचा कायदा आहे. तिथे मूळ अमेरिकेसाठी न बनलेली गाडी सहजासहजी आणता येत नाही, पण ती २५ वर्षांची झाली की सुरक्षेच्या मानकांतून सुटते. प्रदूषणाच्या नियमांतून मूळ अवस्थेतली गाडी २१ व्या वर्षीच सुटलेली असते. कॅनडात तर १५ वर्षं पुरतात. त्यामुळे प्रत्येक मॉडेलची एक तारीख आधीपासून ठरलेली असते आणि सगळं जग ती डोळ्यांत तेल घालून पाहत असतं. स्कायलाइनच्या पिढ्यांना आर-३२, आर-३४ अशी नावं आहेत. आर-३२ जीटी-आर १९८९ ची, म्हणून २०१४ पासून तिकडे जायला लागली. आर-३४ जानेवारी १९९९ मध्ये आली, तिचा दरवाजा जानेवारी २०२४ मध्ये उघडला. २००२ मध्ये बनलेल्या शेवटच्या गाड्यांना २०२७ उजाडेल. व्यापारी दोन-तीन वर्षं आधीच घेऊन ठेवतात, म्हणजे दरवाजा उघडतो त्या दिवशी भाव आधीच वर गेलेला असतो. मामांच्या मुलाने पाहिलेले व्हिडिओ त्यानंतरचे.

दुसरी गोष्ट संख्येची. आर-३२ जीटी-आर चाळीस हजारांहून जास्त बनल्या, आर-३४ साडेअकरा हजारांच्या आसपास. आणि त्या पुन्हा बनणार नाहीत. २००२ मध्ये जपानचे प्रदूषण नियम कडक झाले, तेव्हा जीटी-आर, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७ या तिन्ही एकाच वर्षी बंद पडल्या. युरोपात तेच झालं : पोर्शेची हवेने थंड होणारी शेवटची ९११ १९९८ ची, फेरारीने हाताचा गिअर सोडला त्यालाही दशक उलटून गेलं. ज्या पोरांनी या गाड्या कॉम्प्युटर गेममध्ये पळवल्या ती आता पन्नाशीला टेकली आहेत आणि त्यांच्या खिशात पैसा आहे.

इथल्या लोकांनी या गाड्या सोडल्या कशा, हेही ऐका. जपानमध्ये पेट्रोल गाडी तेरा वर्षांची झाली की तिचा वार्षिक कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. दर दोन वर्षांनी शाकेन नावाची तपासणी, तिचा खर्च वेगळा. गाडी जुनी झाली की सामान्य माणूस ती लिलावात काढतो. त्यात येन घसरला. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ११५ येन मिळत, २०२४ च्या उन्हाळ्यात १६० च्या वर गेले. परदेशी ग्राहकाला तीच गाडी स्वस्त पडली आणि इथल्या पगारदार पोराच्या हाताबाहेर गेली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या जपानी मुलांना आपल्याच देशातली गाडी परवडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मामांना समजेल असं सांगतो. रावेर-सावद्याकडे एकाच बागेतला माल दोन भावांना जातो. ज्या घडाला वेळेवर स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) चढवली, ज्याच्या फणीवर डाग नाही, चट्टा नाही, तो पॅकहाउसमध्ये धुऊन पेटीत बसतो आणि कंटेनरने बाहेर जातो. बाकीचा ट्रकमध्ये. गाड्यांचंही तसंच आहे. वर चढला तो पेटीतल्या मालाचा भाव. ट्रकमधल्या मालाचा भाव व्हिडिओत दिसत नाही.

हा फरक कागदावर दिसतो. इथल्या लिलावात प्रत्येक गाडीबरोबर एक शीट असते. वरच्या कोपऱ्यात प्रत : ४, ४.५ वगैरे. तिथे ‘आर’ असेल तर गाडीला अपघात होऊन सांगाडा दुरुस्त झाला आहे. खाली गाडीचं उलगडलेलं चित्र आणि त्यावर खुणा. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे पत्रा ठोकून रंगवल्याची लाट, ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे पत्रा खाल्ला गेलाय. ‘एक्सएक्स’ असेल तर तो भागच बदलला आहे. मी शीट हातात घेतो तेव्हा आधी ‘डब्ल्यू’ कुठे आहे ते शोधतो. पुढच्या मडगार्डवर एखादा असला तर चालतं. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आणि छताच्या खांबावर दोन्हीकडे असला तर मी गाडीखाली शिरल्याशिवाय हलत नाही. आर-३४ ला समोरच्या सस्पेन्शनच्या वरच्या टोपाशी गंज धरतो. बॉनेट उघडून त्या जोडावरचं सीलंट बोटाने चाचपायचं : कारखान्याचं एकसारखं असतं, हाताने भरलेलं उंचसखल लागतं.

आणि निर्मितीचा महिना! निर्यात प्रमाणपत्रावर पहिल्या नोंदणीची तारीख असते, तीही जपानी सनात. हेइसेइ ११ म्हणजे १९९९. कायदा मात्र गाडी बनली तो महिना मोजतो. जपानी चासी नंबरात साल लिहिलेलं नसतं, त्यामुळे निर्मितीचा पुरावा वेगळा मागून घ्यावा लागतो. तो नसेल तर बंदरावर गाडी अडकते.

माझं स्पष्ट मत : मूळ इंजिन, मूळ रंग, सगळी सर्व्हिस बुकं असलेली गाडी मिळाली तर तिची किंमत टिकेल. त्याहून खाली उतरू नका. ‘स्वस्तात मिळते आहे’ म्हणून बदललेली, फुगवलेली गाडी घेतली तर मामांचे पैसे दुरुस्तीत जातील.

बर्मिंगहॅमहून (मूळ गाव अमळनेर)

चाळीसगावच्या दादांनी छान लिहिलंय. मी फक्त सांभाळायच्या खर्चाचं लिहिते, कारण आमच्या घरात ह्यांची होंडा एस-२००० आहे आणि तिची वही मी ठेवते.

आमच्या गाडीचा भाव ह्यांनी घेतली त्यापेक्षा चढला आहे, खरं आहे. पण वहीत विमा, टायर, रबरी सील, छताचं कापड, बॅटरी हे दरवर्षी येतं. न चालवलेली गाडी जास्त मागते. पेट्रोल शिळं होतं, ब्रेक धरतात, सील वाळतात. विमा घ्याल तर आधी ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर काही झालं तर कंपनी साध्या जुन्या गाडीचा भाव देते. इंग्लंडात खासगी मोटारीच्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, म्हणून इथले लोक हौसेने घेतात. तुमच्याकडचं तुमच्या हिशेबनिसाला विचारा. इथलं पाहून तिथे उडी मारू नका.

आणखी एक. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकलरेन एफ-१ दोन कोटी डॉलरच्या वर विकली गेली. ती १९९५ ची, अडीचशे मैलसुद्धा चाललेली नव्हती. असे आकडे बातमीत येतात आणि सगळ्या गाड्या तशाच चढतील असं वाटतं. २०२१-२२ ला चढलेले भाव पुढे कित्येक मॉडेलचे खाली आले, ती बातमी कोणी करत नाही.

धुळ्याहून

भो, योकोहामावाला जे सांगी ऱ्हायना ते बराबर शे. मी तिकडची नोकरी संपवून देवपुरात राहायला आलो, तरी यादी वाचत असतो. इकडची बाजू सांगतो.

पहिलं म्हणजे मामांना ही गाडी रावेरला कधी पाहायला मिळणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते आणि वर जबर शुल्क. नाहीतर पन्नास वर्षांहून जुनी. म्हणजे १९९९ ची आर-३४ २०४९ नंतर! पैसे पाठवायलाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. दहा लाख रुपयांच्या पुढे बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो. भाच्याला भेट म्हणून पाठवायचे तर मामा-भाचा हे नातं नियमातल्या व्याख्येत बसतं का, हे जळगावच्या चांगल्या सीएला आधी विचारा.

दुसरं मला जास्त टोचतं. गाडी भाच्याच्या नावावर, पैसे मामांचे, विमा भाचा भरणार, बर्फात राखण भाचा करणार. उद्या गॅरेजमध्ये काही पडलं, पोचा आला, भाव उतरला, तर बोलायचं कोणी कोणाला? आपल्याकडे मामाच्या शब्दापुढे भाचा बोलत नाही. आधी कागदावर लिहा : खर्च कोणाचा, विकायचं कोण ठरवणार, नुकसान कसं वाटायचं. लिहायला संकोच वाटत असेल तर व्यवहारच करू नका.

आणि हौसच असेल तर आपल्या जिल्ह्यात बघा ना. इथे पोरं यामाहा आरएक्स-१०० साठी गावोगाव फिरतात. १९९६ ला बंद पडलेली शंभर सीसीची गाडी, पण मूळ टाकी, मूळ सायलेन्सर, एमएच-१९ किंवा एमएच-१८ चा पहिल्या मालकाचा कागद असला की भाव तोंडाने मागतात. होंडा सिटीची २००० सालची १०६ अश्वशक्तीची व्हीटेक, तिलाही आता मागणी आहे. पारोळा रोडवर एका गॅरेजात तशी एक पाहिली, पोरगा इंजिनाचं झाकण उघडून रॉकर कापडाने एकेक पुसत होता. त्याला स्कायलाइनबद्दल विचारलं तर तिच्या इंजिनाचा कोड त्याने घडाघडा सांगितला. अशा पोरांना बसायला मिळेल अशी गाडी मामांनी घेतली तर मला फार आनंद होईल. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी महाग झाली आहे, वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० रुपये फी आहे, तेवढं धरून चाला.

सॅन होजेहून (मूळ गाव नंदुरबार)

फक्त एक भर. पुढे कधी कॅलिफोर्नियाच्या गिऱ्हाइकाला विकायची म्हणाल तर इथे केंद्राच्या २५ वर्षांच्या सुटीने भागत नाही. १९७५ पर्यंतच्या गाड्या स्मॉगमधून, म्हणजे धुराच्या तपासणीतून, सुटतात. त्यानंतरच्या थेट आयात गाडीला राज्याची वेगळी चाचणी करून घ्यावी लागते आणि ती खर्चिक आहे. देशातला मोठा बाजार इथे आहे, म्हणून घेतानाच हे धरा.

न्यू जर्सीहून (मूळ गाव रावेर)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मामांशी तासभर बोललो.

केळीच्या पेटीची गोष्ट त्यांना लगेच पटली. त्यांनी विचारलं, ‘मग तिकडे माल पास करणारा माणूस कोणाचा? विकणाऱ्याचा की आपला?’ मी सांगितलं की शीट लिलावगृहाचा तपासनीस भरतो, आपला माणूस आपण वेगळा उभा करायचा. त्यावर मामा म्हणाले, आपला माणूस उभा राहीपर्यंत पैसे हलणार नाहीत. धुळ्याच्या काकांचं लिहिणं त्यांना वाचून दाखवलं. नुकसान कसं वाटायचं हा मुद्दा आला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘गाडी तुझ्या नावावर नको. घ्यायचीच तर तू तुझ्या पैशांनी घे, मी सल्ला देईन.’ मला खरंच हलकं वाटलं.

मामेभाऊ मात्र पेटला आहे. फैजपूरला कोणाकडे तरी व्हीटेक उभी आहे म्हणे, तो बघायला जाणार आहे. काका, जाण्याआधी त्याने तुम्हाला फोन केला तर चालेल का? सोबत गॅरेजचा तो पोरगा नेता आला तर फार बरं.

योकोहामाचे दादा, एखाद्या जुन्या लिलावाची शीट मालकाचे तपशील झाकून मला पाठवाल का? खुणांचे अर्थ मराठीत लिहून मामांना द्यायचे आहेत, त्यांनी मागितले आहेत.