१९६९ कॅमेरो झेड/२८, पूर्ण रिस्टोअर केलेली: घेण्याआधी काय तपासावं?

कोलंबसकर

ओहायोतल्या एका डीलरकडे १९६९ ची शेवरोले कॅमेरो झेड/२८ (कॅमेरोची खास वेगवान आवृत्ती) विकायला आहे. रंग फॅदम ग्रीन, वर काळं व्हिनाइल छत. जाहिरातीत "फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, नंबर मॅचिंग, मूळ ३०२ इंजिन, मन्सी चार गिअर, १२ बोल्टचं हाउसिंग" असं सगळं लिहिलंय, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं, ३०२ घनइंचाचं, गिअरबॉक्स मन्सी बनावटीचा आणि मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग १२ बोल्टचं. फोटोंवरून टिपलेले आकडे: व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) सुरुवात १२४३७९एन, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पाटीवर ०३बी, ५७ बी आणि एक्स११, इंजिनच्या पॅडवर (नंबर ठोकायच्या सपाट जागेवर) व्ही०३२५डीझेड. शनिवारी गाडी पाहायला जातोय. आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही. आकडे जुळतात का? आणि गाडीसमोर उभं राहिल्यावर आधी कुठे हात घालू?

नॉरवूड_एन

रक्कम देऊच नका. गडबड या आकड्यांतच दिसतेय.

व्हीआयएनमधला १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमेरो, ३७ कूप, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे नॉरवूड कारखाना. गाडी एसएस (कॅमेरोची दुसरी दमदार आवृत्ती) आहे की झेड/२८, हे १९६९ च्या व्हीआयएनमध्ये येतच नाही. साध्या व्ही-८ ची झेड/२८ करून विकणाऱ्यांचं फावतं ते इथेच.

पाटी मात्र बोलते. नॉरवूडच्या गाड्यांवर १९६८ च्या डिसेंबरपासून एक्स कोड मारायला लागले. झेड/२८ ला स्टाइल ट्रिमसह (बाहेरच्या जास्तीच्या सजावटीसह) एक्स३३, त्याशिवाय एक्स७७. एक्स११ म्हणजे स्टाइल ट्रिमची साधी गाडी, फार तर एसएस ३५०. ०३बी म्हणजे तुमची पाटी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, म्हणजे कोड सुरू झाल्यानंतरची. ती याच गाडीची असेल, तर ही गाडी कारखान्यातून झेड/२८ म्हणून निघालेली नाही.

आता इंजिन. डीझेड हा १९६९ च्या ३०२ चाच कोड, व्ही म्हणजे फ्लिंट. पण ०३२५ म्हणजे २५ मार्च. बॉडी दुसऱ्या आठवड्यातली आणि इंजिन २५ तारखेचं, हे बसत नाही. इंजिन गाडीच्या आधी तयार व्हायला हवं.

पॅड उजव्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या आडोशाला असतं. फडक्याला थोडं थिनर लावून पुसा आणि टॉर्च आडवा धरून बघा. कारखान्यातल्या ब्रोचिंगने (दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट करण्याने) तिथे पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उठतात, आणि अंक त्या रेघांवर ठोकलेले असतात. पॅड गुळगुळीत असेल किंवा गोलाकार ओरखडे असतील, तर जुना नंबर घासून नवा मारलाय असं समजा. शिवाय १९एन आणि पुढे व्हीआयएनचे शेवटचे सहा अंक पॅडवर किंवा ऑइल फिल्टरजवळ सापडले पाहिजेत. ते जुळले तरच नंबर मॅचिंग म्हणायचं.

टॅपेट

वरच्यात एक भर. ३०२ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३ इंच. ३५० चा बोअर तोच, स्ट्रोक ३.४८. ब्लॉक बाहेरून सारखाच दिसतो, त्यामुळे डीझेड ठोकलेलं ३५० बाजारात सर्रास फिरतं. डीलर तयार असेल तर एक प्लग काढा, भोकातून पिस्टनवर टेकेल अशी मऊ तार घाला आणि क्रँक हाताने फिरवा. भोक तिरकं असल्याने नेमकं माप मिळत नाही, पण ७६ मिमी (३ इंच) आणि ८८ मिमी (३.४८ इंच) यांमधला फरक लपत नाही.

झेड/२८ ला ऑटोमॅटिक गिअर किंवा एसी कारखान्यातून मिळतच नव्हता. पुढे पॉवर डिस्क ब्रेक हवेतच. कार्ब्युरेटर ७८० सीएफएमचा होली, त्याच्या वरच्या कडेवर ४०५३ हा नंबर.

लोहचुंबक

मी पत्र्याचं सांगतो. कॅमेरोला पूर्ण फ्रेमच नसते. बॉडी युनिट पद्धतीची, पुढे फक्त बोल्टने जोडलेली सबफ्रेम. त्यामुळे "फ्रेम-ऑफ" म्हणजे नेमकं काय काय उतरवलं ते विचारा आणि कामाचे फोटो मागा. फोटो नसतील तर नव्या रंगाखाली काय आहे ते देवच जाणे.

५७ बी मधला बी म्हणजे काळं व्हिनाइल, म्हणजे छत कारखान्यातलं. पण व्हिनाइलच्या कडेखाली पाणी साचतं आणि मागच्या काचेची चौकट आतून कुजते. तिथून पाणी थेट डिकीत उतरतं. डिकीची चटई उचला आणि दोन्ही बाजूंचे खोलगट कोपरे बोटाने दाबा. मग समोरच्या काचेखालच्या जाळीत एक बादली पाणी हळूहळू ओता. ते फेंडरमागून बाहेर पडायला हवं. पाय ठेवायच्या जागी ओल आली, तर काऊल (त्या जाळीखालचा पत्रा) कुजलाय. त्या दुरुस्तीला काच, फेंडर, डॅशबोर्ड सगळं उतरवावं लागतं. सौदा तिथेच सोडा.

मागच्या चाकांमागचा खालचा पत्रा आणि फेंडरची मागची टोकं यांवर फडक्यात गुंडाळलेला चुंबक फिरवा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, एकदा पुन्हा रंगवला तर २५०-३००. गेजने हजाराच्या वर दाखवलं तर खाली पुट्टी आहे.

व्हीआयएनचे शेवटचे अंक बॉडीवर लपवूनही ठोकलेले असतात. एक जागा फायरवॉलवर, हीटरच्या डब्यामागे. पाट्या नव्या बनवून मिळतात, म्हणून हे अंक महत्त्वाचे.

कोलंबसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नक्कल म्हणूनच भाव लावला आणि पत्रा चांगला निघाला, तर चालवायला घ्यावी का?

टॅपेट

घ्या, पण साध्या कॅमेरोच्या भावाने. गाडी रात्रभर थंड ठेवायला सांगा आणि तुमच्या समोरच सुरू करा. गरम झाल्यावर तेलाचा दाब दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय हवा. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक नको.

आत खरंच ३०२ आणि मूळचाच कॅम असेल तर टॅपेट सॉलिड (तेलाच्या दाबाने फट आपोआप न भरणारे) आहेत. इंजिन गरम असताना इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीला ०.०३० इंच फट ठेवायची. थोडी टकटक येणारच. ती बंद करायला कोणी फट आवळली असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि जळतात. कॅम फ्लॅट टॅपेट असल्याने तेल जास्त झिंकचं, १२०० पीपीएमच्या आसपास. कॉम्प्रेशन रेशो ११, म्हणून पेट्रोल प्रीमियमच. आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी पाइप जुने असतील तर पहिल्या दिवशीच बदला. इथेनॉलने ते आतून फुगतात आणि एक दिवस गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल टपकतं.