बाता झिवोयिनोविचचे वॉल्टरनंतर काय बघावं?

रात्रपाळी_७७: ऑफिसातल्या एका चिनी कलीगने डोकं खाल्लं म्हणून शेवटी 'वॉल्टर डिफेंड्स साराजेवो' (१९७२) हा युगोस्लाव्हियाचा युद्धपट बघितला. त्याच्या घरी म्हणे आईवडिलांना सगळे डायलॉग पाठ! हिरो बाता झिवोयिनोविच, काय पर्सनॅलिटी आहे राव, पण अ‍ॅक्टिंग म्हणाल तर पूर्ण सिनेमाभर एकच चेहरा. शोधलं तर तीनशेच्या वर सिनेमे-मालिका निघाल्या. सगळीकडे हेच का, जर्मन मारत सुटणं?

जुनी_रीळं: वॉल्टरवरून त्याला जोखू नका हो. त्या सिनेमात तो माणूस कमी आणि पोस्टर जास्त आहे, आणि चीनमध्ये चालला तोही त्यामुळेच, सत्तरच्या दशकात तिकडे बाहेरचे सिनेमे मोजकेच यायचे. आधी अलेक्झांडर पेत्रोविचचा 'थ्री' (१९६५) बघा. दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन गोष्टी, तिन्हीत हाच. पहिलीत स्टेशनवर एका निरपराध माणसाला गोळी घालतात आणि हा नुसता बघत राहतो, दुसरीत जर्मन ह्याच्याच मागे लागतात, तिसरीत हा स्वतः अधिकारी आहे आणि एका बाईचं मरण ह्याच्या हातात. बंदूक आहेच, पण तुम्ही बघत बसता ते त्याचे डोळे. अख्खा वॉल्टर ओवाळून टाकावा.

पिसं_आणि_पत्ते: +१. त्याच दिग्दर्शकाचा 'आय इव्हन मेट हॅपी जिप्सीज' (१९६७) पण घ्या, कान फिल्म फेस्टिव्हलला ग्रां प्री हे मोठं बक्षीस मिळालेला. हिरो बेकिम फेहमिउ, बाता त्यात मिर्ता नावाचा पिसांचा व्यापारी, असला नीच माणूस रंगवलाय की वॉल्टर आठवतच नाही. पिसांच्या ढिगातली चाकूची मारामारी चुकवू नका. हा सिनेमा, 'थ्री' आणि 'नेरेत्वा' (१९६९) असे बाताचे तीन सिनेमे ऑस्करच्या परदेशी विभागात नामांकनापर्यंत गेले. नेरेत्वात युल ब्रिनर आणि ऑर्सन वेल्स आहेत, बाकी नुसता धुरळा.

कडू_कॉफी: सगळे कौतुकच करताय म्हणून सांगतो, नव्वदच्या दशकात हा बाता सर्बियाचा तेव्हाचा सत्ताधारी मिलोसेविच ह्याच्या सोशालिस्ट पार्टीचा खासदार होता आणि २००२ मध्ये त्याच पार्टीकडून सर्बियाच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून आपटला. साराजेवो वाचवणारा हिरो, आणि ज्या वर्षांत खरं साराजेवो सर्ब फौजांच्या वेढ्यात होतं तेव्हा हा त्या पार्टीत. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल!

जुनी_रीळं: मान्य, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण म्हणूनच 'प्रिटी व्हिलेज, प्रिटी फ्लेम' (१९९६) बघाच, बोस्नियाचं युद्ध, बोगद्यात अडकलेले सर्ब सैनिक आणि हा ग्वोझ्देन, टिटोच्या युगोस्लाव्हियातला कॅप्टन, त्याचा देशच उरलेला नाहीये. पार्टिझनचा, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या युगोस्लाव्ह गनिमांचा, चेहरा म्हणून ज्याला लोकांनी वर्षानुवर्षं बघितलं त्यालाच हा रोल, दिग्दर्शक द्रागोयेविच डोकेबाज माणूस.

रात्रपाळी_७७: बरं, मग आज 'थ्री'. चालू प्रिंट कुठे मिळेल, सबटायटलसकट?

पिसं_आणि_पत्ते: मेसेज करा, सांगते.